विश्लेषण : प्रोग्राम मुक्त, पण माहितीपुस्तिका कोणाची? डॉक्युमेंटेशनचा परवाना पहिल्याच दिवशी का ठरवावा?

मुक्त सॉफ्टवेअरचा नवा प्रकल्प सुरू होतो तेव्हा कोडच्या फोल्डरमध्ये परवान्याची फाइल बहुधा पहिल्याच दिवशी ठेवली जाते. जीपीएल घ्यावा, एमआयटी की अपाचे, यावर रात्र-रात्र वाद झडतात. त्याच प्रकल्पाची माहितीपुस्तिका मात्र हळूहळू आणि अनेकांच्या हातून तयार होते. कोणी इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या लिहितो, कोणी नेहमीच्या अडचणींची उत्तरे देतो, कोणी चुका दुरुस्त करतो, तर कोणी भाषांतर करतो. या मजकुराचा परवाना कोणता, हा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतो. काही वर्षांनी तो समोर येतो, तेव्हा निम्म्या लेखकांचे ईमेल बंद झालेले असतात. विकिपीडिया, डेबियन, ओपनस्ट्रीटमॅप अशा मोठ्या प्रकल्पांनाही या प्रश्नाने घाम फोडला आहे. सामूहिक डॉक्युमेंटेशनसाठी परवाना कसा निवडावा आणि निवड चुकली तर काय होते, याचा हा आढावा.

डॉक्युमेंटेशनला वेगळ्या परवान्याची गरज का?

‘इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहे, म्हणजे कोणीही वापरावे’ असा सर्वसाधारण समज असतो. कायदा तसे मानत नाही. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम आणि त्याची माहितीपुस्तिका या दोन्ही ‘साहित्यकृती’ ठरतात. मजकूर लिहिला त्या क्षणी त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही की कॉपीराइटचे चिन्ह लावावे लागत नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे परवाना न लिहिलेले पान दुरुस्त करून दुसरीकडे प्रसिद्ध करणे, त्याचे मराठी भाषांतर वाटणे किंवा छापील पुस्तिका काढणे या सगळ्याला काटेकोरपणे पाहिले तर लेखकाची परवानगी लागते.

मग कोडचाच परवाना मजकुराला का लावू नये? तसे करता येते आणि काही प्रकल्प करतातही. जँगो या वेब फ्रेमवर्कचे डॉक्युमेंटेशन कोडसोबतच राहते आणि त्याला कोडचाच बीएसडी परवाना आहे. मात्र जीपीएलसारखे परवाने लिहिताना डोळ्यांसमोर प्रोग्राम होता. सोर्स कोड, ऑब्जेक्ट कोड असे शब्द त्यात येतात. छापील पुस्तकाचा ‘सोर्स कोड’ कोणता? शिबिरात वाटलेल्या चार पानांच्या पत्रकासोबत तो कसा द्यायचा? अशा शंका उभ्या राहू नयेत म्हणून मजकुरासाठी वेगळे परवाने तयार झाले.

नंतर ठरवले तर काय बिघडते?

सामूहिक लेखनात प्रत्येकाचा हक्क आपापल्या तुकड्यावर असतो. वेगळा करार केलेला नसेल, तर प्रकल्पाच्या प्रमुखालाही दुसऱ्याच्या परिच्छेदाचा परवाना परस्पर बदलता येत नाही. चारशे जणांनी लिहिलेल्या पुस्तिकेचा परवाना बदलायचा तर चारशे जणांना गाठावे लागते. त्यातला एखादा हयात नसेल तर वारसांकडे जावे लागते. एखाद्याने नकार दिला तर त्याचा मजकूर काढून पुन्हा लिहावा लागतो.

याची किंमत किती असते हे ओपनस्ट्रीटमॅपने २०१२ मध्ये अनुभवले. हा प्रकल्प नकाशाचा आहे, पण पेच तोच होता. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना नकाशाच्या डेटाबेसला नीट लागू होत नाही, असे लक्षात आल्यावर त्यांनी डेटाबेससाठी बनवलेला ‘ओडीबीएल’ परवाना घ्यायचे ठरवले. त्यासाठी आधीच्या सहभागींना वैयक्तिक संमती विचारण्यात आली. ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, त्यांनी आखलेले रस्ते आणि वस्त्या नव्या परवान्याच्या नकाशातून वगळाव्या लागल्या. स्वयंसेवकांनी तो भाग पुन्हा आखला. सप्टेंबर २०१२ मध्ये नवा परवाना लागू झाला. रस्ता निदान पुन्हा मोजता येतो. एखाद्या किचकट त्रुटीवर कोणीतरी अनुभवातून लिहिलेला उपाय पुन्हा लिहायला तसाच अनुभव असलेला माणूस शोधावा लागतो.

विकिपीडिया यातून कसा सुटला?

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने अस्तित्वातच नव्हते. त्यांचा पहिला संच डिसेंबर २००२ मध्ये आला. त्यामुळे विकिपीडियाने फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा ‘ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स’, म्हणजे जीएफडीएल स्वीकारला. तो मूळचा सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी लिहिलेला. त्याच्या अटीप्रमाणे प्रत्येक प्रतीसोबत परवान्याचा संपूर्ण मजकूर द्यावा लागतो. जाडजूड ग्रंथाला ते शोभते. एका लेखाची प्रत काढून वर्गात वाटणाऱ्या शिक्षकाने मात्र लेखाइतकीच किंवा त्याहून जास्त पाने परवान्याची जोडायची, असा प्रकार झाला. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सखालील मजकूर आणि जीएफडीएलखालील मजकूर एकत्र करता येत नव्हता. दोन्हीकडचे लेखक मजकूर खुला करू पाहत होते, तरी मध्ये भिंत होती.

सुटका झाली ती परवान्यातल्या चार शब्दांमुळे. विकिपीडियाचा मजकूर जीएफडीएलच्या ठरावीक आवृत्तीखाली ‘किंवा नंतरची कोणतीही आवृत्ती’ अशा शब्दांत दिलेला होता. फाउंडेशनने नोव्हेंबर २००८ मध्ये १.३ ही आवृत्ती काढली. अनेक लेखक मिळून चालवत असलेल्या संकेतस्थळांना १ ऑगस्ट २००९ पूर्वी ‘सीसी बाय-एसए ३.०’ या परवान्याकडे जाण्याची मुभा तीत होती. त्यानंतर एप्रिल-मे २००९ मध्ये विकिमीडियाच्या सहभागींचे मतदान झाले. १७,४६२ वैध मतांपैकी ७५.८ टक्के मते बदलाच्या बाजूने, तर १०.५ टक्के विरोधात पडली. बाकीच्यांनी मत नसल्याचे नोंदवले. जूनमध्ये बदल अमलात आला.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही हा बदल लागू झाला. तेथे लिहिणाऱ्या एकेका संपादकाला शोधून संमती घेण्याची वेळ आली नाही. २०२३ मध्ये विकिपीडियाने याच परवान्याची ४.० ही आवृत्ती घेतली. मात्र प्रत्येक प्रकल्पाला अशी खिडकी उघडून मिळत नाही. विकिपीडियासाठी परवान्याची नवी आवृत्तीच निघाली. लहान प्रकल्पासाठी कोणी तसे करणार नाही.

डेबियनचा जीएफडीएलवर आक्षेप काय होता?

जीएफडीएलची पहिली अधिकृत आवृत्ती मार्च २००० मधली. त्या काळी माहितीपुस्तिका छापून विकल्या जात आणि प्रकाशकांनी मुक्त पुस्तिका छापाव्यात, असा या परवान्याचा हेतू होता. म्हणून त्यात छापील पुस्तकाचे नियम दिसतात. मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठावर काय छापावे हे लेखक ठरवू शकतो आणि शंभरपेक्षा जास्त छापील प्रती काढणाऱ्याला ते पाळावे लागते. त्याहून वादग्रस्त ठरली ती ‘अपरिवर्तनीय प्रकरणां’ची तरतूद. पुस्तकाच्या तांत्रिक विषयाबाहेरचा काही भाग लेखक ‘बदलू नये’ म्हणून राखून ठेवू शकतो. तो भाग पुढच्या कोणालाही बदलता किंवा काढता येत नाही. ईमॅक्स या संपादकाच्या पुस्तिकेत ‘ग्नू मॅनिफेस्टो’ असा राखीव आहे.

फाउंडेशनचा युक्तिवाद साधा होता. आज्ञावली कशी चालवायची हा मजकूर उपयोगाचा आहे, तो बदलता आलाच पाहिजे. एखाद्याची वैचारिक भूमिका मात्र त्याच्याच शब्दांत राहावी. डेबियनच्या स्वयंसेवकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या नियमांत मुक्त असण्याची कसोटी एकच आहे : जे वाटले जाते ते बदलता आले पाहिजे. मार्च २००६ मध्ये त्यांनी सार्वत्रिक मतदान घेतले. जीएफडीएलखालील मजकुरात अपरिवर्तनीय भाग नसेल तर तो मुक्त, असेल तर नाही, असा कौल मिळाला.

परिणाम विचित्र झाला. ईमॅक्स आणि जीसीसी कंपायलर हे प्रोग्राम डेबियनच्या मुख्य भांडारात राहिले आणि त्यांच्या पुस्तिका ‘नॉन-फ्री’ विभागात गेल्या. म्हणजे फक्त मुख्य भांडार वापरणाऱ्याला प्रोग्राम मिळणार, पण तो कसा वापरायचा हे सांगणारी पुस्तिका वेगळा विभाग जोडून घ्यावी लागणार. मुक्त सॉफ्टवेअरची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या संस्थेचीच पुस्तके मुक्त नसलेल्या कप्प्यात गेली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. परवान्यातल्या एका जास्तीच्या अटीने हे घडवले.

कोड आणि पुस्तिका यांच्यात भिंत कशी उभी राहते?

आजकाल डॉक्युमेंटेशनचा बराचसा भाग कोडमधूनच निघतो. प्रोग्रामर फंक्शनच्या डोक्यावर टिपण लिहितो. स्फिंक्स किंवा डॉक्सिजनसारखे साधन ती टिपणे गोळा करून पुस्तिकेची पाने तयार करते. उलट दिशेनेही देवाणघेवाण होते. पुस्तिकेतला नीटस परिच्छेद प्रोग्रामच्या मदत-खिडकीत जातो.

दोन्हीकडचे परवाने जुळत नसतील तर ही ये-जा कायद्याने अडते. २०१० मध्ये जीसीसीच्या विकासकांपुढे हाच प्रश्न आला. कंपायलरचा कोड जीपीएलखाली, पुस्तिका जीएफडीएलखाली आणि दोन्ही परवाने एकमेकांशी जुळणारे नाहीत. कोडमधल्या टिपणांतून पुस्तिकेची पाने बनवायची तर अडचण. जीसीसीचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे असल्याने ती संस्था स्वतः मजकूर दोन्ही परवान्यांखाली देऊ शकत होती. पण जीसीसीची स्वतंत्र आवृत्ती काढणाऱ्या बाहेरच्या माणसाला ती सोय नव्हती. बदल करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे असावे, हे तत्त्व तिथे लंगडे पडले.

क्रिएटिव्ह कॉमन्समधले सगळे परवाने मुक्त आहेत का?

नाहीत, आणि इथेच सर्वाधिक गफलत होते. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ हे एका परवान्याचे नाव नसून तो परवान्यांचा संच आहे. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या आणि हवे ते करा. ‘बाय-एसए’ म्हणजे श्रेय द्या आणि बदललेली आवृत्ती वाटायची असेल तर ती त्याच परवान्याखाली वाटा. ‘सीसी शून्य’ म्हणजे लेखक आपला हक्क शक्य तितका सोडून देतो. हे तिन्ही मुक्त मानले जातात.

‘एनसी’, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई, आणि ‘एनडी’, म्हणजे बदलाला मनाई, ही शेपूट ज्यांना लागते ते परवाने मुक्त नाहीत. ‘कंपन्यांनी आपल्या फुकटच्या श्रमावर पैसे कमावू नयेत’ म्हणून अनेक जण एनसी लावतात. भावना समजण्यासारखी आहे. पण फी घेणारा छोटा प्रशिक्षण वर्ग, खर्चापुरती किंमत लावून पुस्तिका छापणारा प्रकाशक, आधार सेवा विकून प्रकल्प जगवणारी कंपनी या सगळ्यांच्या वापरावर त्याने प्रश्नचिन्ह लागते. व्यावसायिक वापर नेमका कशाला म्हणायचे याचा निवाडा करायला कोणी बसलेले नसते. त्यामुळे सावध माणूस अशा मजकुरापासून दूरच राहतो. बेफिकीर माणूस तसाही अट पाळत नाही.

एनडीचा फटका मराठी वाचकाला थेट बसतो. भाषांतर म्हणजे मूळ मजकुराचे रूपांतर. एनडीखालील पुस्तिकेचे मराठी भाषांतर करून ते वाटता येत नाही. ज्या भाषांत तांत्रिक मजकूर मुळातच तोकडा आहे, त्यांच्यासाठी हे दार बंद होणे महागात पडते. शिवाय सॉफ्टवेअर बदलत राहते. बटण हलले, मेन्यूचे नाव बदलले की पुस्तिका दुरुस्त करावी लागते. जी दुरुस्त करता येत नाही ती पुस्तिका दोन वर्षांत चुकीची माहिती देऊ लागते.

श्रेय पुरेसे, की ‘तसेच वाटा’ ही अटही हवी?

खरी निवड बाय आणि बाय-एसए यांच्यात असते. कुबरनेटिसचे डॉक्युमेंटेशन सीसी बाय ४.० खाली आहे. ब्लेंडर या त्रिमिती चित्रण सॉफ्टवेअरची पुस्तिका सीसी बाय-एसए ४.० खाली आहे. बायमुळे कंपन्यांना मजकूर आपल्या उत्पादनात बिनधास्त घेता येतो, त्यामुळे तो लांबवर पोहोचतो. पण कोणी त्यात मोलाच्या सुधारणा केल्या आणि त्या बंद ठेवल्या, तर मूळ लेखकांना त्या परत मिळत नाहीत. बाय-एसएमध्ये सुधारलेली पुस्तिका प्रसिद्ध करणाऱ्याला ती त्याच अटीवर खुली ठेवावी लागते.

पगार न घेता लिहिणाऱ्या समूहासाठी दुसरा पर्याय अधिक न्याय्य वाटतो. आपल्या शनिवार-रविवारच्या कामावर दुसऱ्याने कुंपण घालावे, हे स्वयंसेवकाला पटत नाही. त्या रागातून माणसे लिहिणे थांबवतात. एसएची अट कंपनीला मजकूर विकायला मना करत नाही. विकलेल्या प्रतीवरून पुढच्याला पुन्हा काम करता यावे, एवढेच ती सांगते. म्हणजे एनसीमागची भीतीही बऱ्याच अंशी दूर होते.

कोडशी जुळण्याचा मुद्दा येथे पुन्हा येतो. ऑक्टोबर २०१५ पासून सीसी बाय-एसए ४.० खालील मजकूर बदलून जीपीएल ३ खालील प्रकल्पात घेता येतो. हा रस्ता एकेरी आहे. जीपीएलमधून बाय-एसएकडे तो उघडत नाही. कोड बीएसडी किंवा एमआयटीखाली असेल, तर बाय-एसए मजकूर कोडमध्ये ओतणे अडचणीचे ठरते. तिथे बाय किंवा कोडचाच परवाना सोयीचा. लिबरऑफिसच्या मार्गदर्शिकांनी तिसरा मार्ग घेतला. त्या जीपीएल किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचा बाय, यांपैकी हवा त्या परवान्याखाली वापरता येतात.

पुस्तिकेतल्या कोडच्या नमुन्यांचे काय?

पुस्तिका वाचणारा माणूस सर्वात आधी नमुन्याच्या सहा ओळी उचलतो आणि आपल्या प्रोग्राममध्ये चिकटवतो. त्या सहा ओळी बाय-एसएखाली असतील, तर त्याच्या प्रोग्रामचे काय? श्रेय कुठे द्यायचे, अट संपूर्ण प्रोग्रामला लागते का, इतका लहान तुकडा कॉपीराइटच्या कक्षेत येतो का, अशा प्रश्नांची उत्तरे देताना वकीलही सावध होतात. क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतः आपले परवाने सॉफ्टवेअरसाठी वापरू नयेत, असा सल्ला देते. ‘सीसी शून्य’ एवढाच त्याला अपवाद.

म्हणून जाणते प्रकल्प मजकूर आणि नमुने वेगळे ठेवतात. वेब तंत्रज्ञानाची माहिती देणाऱ्या ‘एमडीएन’चा गद्य मजकूर बाय-एसएखाली आहे, तर २० ऑगस्ट २०१० पासून तेथे आलेले कोडचे नमुने सीसी शून्यखाली आहेत. पायथनने ३.८.६ या आवृत्तीपासून डॉक्युमेंटेशनमधले नमुने आपल्या नेहमीच्या परवान्यासोबत ‘झीरो-क्लॉज बीएसडी’खालीही दिले. त्यात श्रेय देण्याचीही अट नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरची उत्तरे मात्र कोडसकट बाय-एसएखाली येतात. त्यातही ८ एप्रिल २०११ पूर्वीची २.५, नंतर २ मे २०१८ पूर्वीपर्यंतची ३.० आणि पुढची ४.० या आवृत्तीखाली आहेत. रोज तिथून ओळी उचलणाऱ्या किती जणांच्या हे ध्यानात असते?

सीसी शून्यबाबत एक सावधगिरी हवी. त्यात पेटंटचे हक्क दिले जात नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. या कारणाने फेडोरा प्रकल्पाने २०२२ मध्ये नव्या कोडसाठी सीसी शून्य स्वीकारणे थांबवले. मजकुरासाठी ते चालते. त्यामुळे नमुन्यांना एमआयटी, झीरो-क्लॉज बीएसडी किंवा प्रकल्पाच्या कोडचाच परवाना देणे सोपे पडते.

भारतीय कायद्यात ‘कोणीही वापरा’ एवढे लिहिणे पुरते का?

पुरत नाही. घरगुती शब्दांत परवाना लिहिणाऱ्यांनी कॉपीराइट कायद्याचे कलम १९ वाचावे. हक्क हस्तांतराच्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर हस्तांतर भारतापुरते मानले जाते. कलम ३० नुसार परवाना लेखी हवा आणि कलम ३०अ नुसार कलम १९ चे नियम आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यालाही लागू होतात. म्हणजे ‘ही पुस्तिका सर्वांसाठी मोफत आहे’ या प्रेमळ वाक्याच्या आधारे सहाव्या वर्षी दुबईत किंवा लंडनमध्ये ती वापरणाऱ्यावर शंकेची टांगती तलवार राहू शकते.

तयार परवान्यांचा फायदा इथे कळतो. क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० मध्ये परवाना जगभरासाठी, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि मागे न घेता येणारा असल्याचे नमूद आहे. श्रेय कोणत्याही वाजवी रीतीने, अगदी दुव्यानेही देता येते. त्यामुळे चारशे नावे प्रत्येक पानावर छापावी लागत नाहीत. एखाद्याकडून अट मोडली गेली आणि लक्षात आल्यापासून ३० दिवसांत त्याने चूक सुधारली, तर त्याचा हक्क आपोआप परत मिळतो. नवशिक्या वापरकर्त्यासाठी ही दिलासा देणारी तरतूद आहे.

सहभागी लेखकांकडून काय मान्य करून घ्यावे?

तीन पद्धती रूढ आहेत. पहिली, लेखकाने आपला हक्क संस्थेच्या नावे करणे किंवा संस्थेला व्यापक अधिकार देणारा करार करणे. यामुळे परवाना बदलणे सोपे जाते. फेडोराने २००९ मध्ये आपले डॉक्युमेंटेशन जुन्या ‘ओपन पब्लिकेशन लायसन्स’वरून बाय-एसएकडे नेले, तेव्हा सहभागींशी आधीच केलेला असा करार कामी आला. मात्र हाच अधिकार संस्थेला उद्या मजकूर बंद करण्याचीही मुभा देऊ शकतो. करारावर सही करण्यापूर्वी लेखकाने ते वाक्य शोधावे.

दुसरी पद्धत साधी आहे : प्रकल्पाचा जो परवाना, त्याच परवान्याखाली आपण मजकूर देत आहोत, हे प्रत्येक सहभागीने मान्य करणे. संपादनाच्या बटणाजवळ एक वाक्य पुरते. तिसरी पद्धत ओपनस्ट्रीटमॅपने परवाना बदलाच्या प्रक्रियेतच अवलंबली. पुढे दुसऱ्या मुक्त परवान्याकडे जायचे असल्यास संस्थेच्या सदस्यांचे मतदान आणि सक्रिय सहभागींपैकी दोन-तृतीयांशांची मान्यता लागेल, असे त्यांच्या अटींत आहे. यात परवाना बदलाला वाट आहे, पण ती एकट्या संस्थेच्या हातात नाही. मोठ्या समूहाला हीच तरतूद सर्वात शहाणी म्हणावी लागेल.

मग निवड कशी करावी?

गद्य मजकुरासाठी सीसी बाय-एसए ४.० ही बहुतेक स्वयंसेवी प्रकल्पांसाठी चांगली सुरुवात आहे. कोड एमआयटी, बीएसडी किंवा अपाचेखाली असेल आणि मजकुराची कोडशी सतत ये-जा होणार असेल, तर बाय ४.० किंवा कोडचाच परवाना घ्यावा. कोडचे नमुने वेगळे ठेवून त्यांना अट कमीत कमी असलेला परवाना द्यावा. एनसी आणि एनडी टाळावेत. जीएफडीएल नव्या प्रकल्पासाठी घेण्याचे कारण आता उरलेले नाही. आर्चविकीसारखा मजकूर वापरायचा असेल, तर मात्र तो जीएफडीएलखाली आहे हे लक्षात ठेवून तो आपल्या पानांत मिसळू नये, दुवा द्यावा.

परवाना कुठे लिहिला आहे, हेही महत्त्वाचे. नाव आणि आवृत्ती फोल्डरमधल्या फाइलमध्ये, प्रत्येक पानाच्या तळाशी आणि लिहिणाऱ्याला दिसेल अशा जागी असावी. श्रेय कसे द्यायचे तेही तिथेच सांगावे. स्क्रीनशॉट आणि आकृत्यांचा परवाना वेगळा असेल तर तो स्पष्ट करावा. दुसरीकडून घेतलेल्या मजकुराचा मूळ परवाना तो घेतानाच नोंदवावा.

या सगळ्याला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही, पण ती संध्याकाळ पहिल्या आठवड्यातली हवी. पाच जण असताना एका बैठकीत मिळणारी संमती, पाचशे जण झाल्यावर मिळवायला वर्षे लागतात. तोवर पुस्तिका कोणाला नीट दुरुस्त करता येत नाही, छापता येत नाही की मराठीत आणता येत नाही. सर्वांनी मिळून लिहिलेला मजकूर सर्वांचा राहावा, असे वाटणाऱ्या समूहाने पहिले पान लिहिण्याआधी परवान्याची ओळ लिहावी.